घरातला मुंजा

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण साऱ्या मुलखाला पाठ आहे. बाहेर कुठं जमलं नाही तर माणूस परभणीला येतो म्हणे. मी मुळातच परभणीत राहतो. त्यामुळे माझी एखादी गोष्ट बिघडली तर परतायला जागाच उरत नाही. घरात न्यूज सर्व्हर बसवला आणि तो बिघडला, तेव्हा हे मला फार जाणवलं.

'न्यूज सर्व्हर' म्हटल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "टीव्हीवर इतके लोक भांडतात, ते पुरत नाहीत का?" तर सांगायचं असं, की या न्यूजचा त्या बातम्यांशी काही संबंध नाही. 1979 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी संगणकासंगणकांत पत्रं फिरवण्याची एक युक्ती काढली. तिचं नाव यूजनेट. पुढे 1986 साली तिच्यासाठी रीतसर नियम लिहिले गेले. एक यंत्र दुसऱ्याला विचारतं, "माझ्याकडे अमुक पत्र आहे, हवं का?" दुसरं म्हणतं 335, म्हणजे 'पाठव', नाहीतर 435, म्हणजे 'नको'. आमच्या वाड्याच्या ओट्यावर बातम्या नेमक्या अशाच फिरत. फरक एवढाच, की 435 म्हणणारा माणूस मी परभणीत अजून पाहिलेला नाही.

यूजनेटचे ते दिवस ओसरले. खुद्द ड्यूक विद्यापीठानं 2010 साली आपला सर्व्हर बंद केला. 2024 च्या फेब्रुवारीत गूगल ग्रुप्सनंही यूजनेटची नवी पत्रं घेणं थांबवलं. पण पुण्याला नोकरीत असताना मी असा एक सर्व्हर सांभाळला होता, आणि हत्ती गेला तरी माहुताला अंकुश टाकवत नाही.

खरं कारण निराळंच होतं. आमच्या वरच्या मजल्यावर नाना राहतात. माझे थोरले भाऊ, गणिताचे निवृत्त मास्तर. नळाला पाणी आलं की मोटर आधी कुणी लावायची यावरून आमचं बिनसलं. नाना घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून बाहेर पडले आणि जिन्यात भेट झाली तरी आम्ही दोघं पायऱ्या मोजल्यासारखं खाली बघू लागलो. म्हटलं, समोर बोलवत नाही, पण लिहवेल तरी. जुन्या संगणकावर लिनक्स घातलं, त्यावर 'आयएनएन' हा सर्व्हर चढवला, पुतण्याकरवी नानांच्या संगणकावर वाचायची-लिहायची सोय केली आणि 'घर.अंगण' नावाचा गट उघडून पहिलं पत्र टाकलं: "नाना, नमस्कार."

पत्र गेलं. पण गटात आलंच नाही. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. गट आपला रिकामा.

आता या सर्व्हरचं काम जो करतो त्याला 'डीमन' म्हणतात. 1963 च्या सुमारास एमआयटीतल्या मंडळींनी मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या काल्पनिक भुतावरून हे नाव उचललं. डीमन पडद्यावर दिसत नाही, मागं गुपचूप राबतो. गंगाखेडच्या जनाबाईचं दळण रात्री विठ्ठल येऊन दळायचा अशी कथा आहे. तो या जातीचा. माझा मात्र पिंपळावरचा मुंजा निघाला. आहे असं सगळे म्हणतात, पण काम काही होत नाही.

मी कंबर कसली. डीमन जिवंत आहे का? होता. 119 नंबरच्या दारावर टकटक केली. त्यानं '200' असं उत्तर दिलं, म्हणजे 'या, लिहायलाही मुभा आहे'. डिस्कवर जागा? भरपूर. फायलींची मालकी तपासली. त्या सगळ्या 'न्यूज' नावाच्या खात्याच्या हव्यात, तशा होत्या. हिस्टरी नावाची फाइल पाहिली. आलेल्या प्रत्येक पत्राची खूण तिथं राहते आणि तेच पत्र दुसऱ्यांदा आलं तर डीमन घेत नाही. अशी एखादी फाइल आमच्या घरात असती तर मोटरीचं भांडण एकदाच झालं असतं. मुदत संपलेली पत्रं झाडून टाकणारा 'एक्स्पायर'ही रात्री नीट चालत होता. त्याचीही घराला गरज होती.

तीन आठवडे गेले. वरून एक अक्षर नाही. मी मनाशी म्हटलं, सर्व्हर नादुरुस्त असेल, पण नानांना पाय तर आहेत! चार दिवस तर ते जिन्यातसुद्धा दिसले नाहीत. एवढा राग!

"काय करायलात हो रात्रीचे?" सौ.नं विचारलं. तिची उभी नोकरी पोस्टात गेली आहे. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पत्र गेलं म्हणता ना? मग ते हरवत नसतं. कुणाच्या तरी खणात पडलेलं असतं. तो न्यूज का कोण म्हणालात, त्याची डाक कोण बघतंय?"

मी गप्प झालो. त्याची डाक असते हेच मी विसरलो होतो. उघडली. आत रोज रात्रीचे अहवाल, आणि त्यांच्यामध्ये माझे सगळे नमस्कार!

नवा गट उघडताना हुकमाच्या शेवटी एक अक्षर घालतात. 'वाय' म्हणजे कुणीही लिहावं. मी 'एम' घातलं होतं. एम म्हणजे मराठी, अशी माझी समजूत. तो निघाला मॉडरेटेड! म्हणजे प्रत्येक पत्र आधी संपादकाकडं जाणार. संपादकाचा पत्ता मागणारी फाइल दिसल्यावर, सरकारी अर्जातला रकाना रिकामा सोडू नये या शिस्तीनं, मीच तिथं 'न्यूज'चा पत्ता भरला होता. मुंजा बिचारा निर्दोष होता.

आणि त्या डाकेत नानांची 11 पत्रं होती.

पहिलं: "मिळालं तर कळव." चौथं: "मोटर तूच आधी लाव. तुझी टाकी लहान, लवकर भरते. गणितानं तेच बरोबर. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, पण तोवर मी ओरडून बसलो होतो." शेवटचं: "तू उत्तर देत नाहीस, हरकत नाही. गुडघा धरलाय म्हणून चार दिवस खाली उतरलो नाही. रागावलो असं समजू नकोस."

'एम'चा 'वाय' करायला एक ओळ पुरली. जिना चढायला मात्र वेळ लागला. मधल्या पायरीवरून परत येऊन सौ.कडून तेलाची बाटली मागून घेतली.

नाना पलंगावर पाय पसरून बसले होते. बाटलीकडं बघत म्हणाले, "डाक फार उशिरा वाटतोस बुवा."

"नाना, एम म्हणजे मराठी असं वाटलं मला."

"लहानपणापासून तुझं इंग्रजी असंच," नाना म्हणाले आणि गुडघा पुढं केला.

आता गट उत्तम चालतो. मोटरीची वेळ त्यावरच ठरते. न्यूजची डाक मात्र रोज सकाळी सौ. उघडून बघते. आम्हां दोघा भावांवर तिचा विश्वास नाही.