मोटर नसलेली मोटारगाडी

आमच्या घरात 'नर्मदे हर' हा शब्द मी कळायला लागल्यापासून ऐकतो आहे. बाबा भेलमध्ये होते. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या टेबलाच्या काचेखाली नर्मदेचा एक हाताने काढलेला नकाशा होता. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत 1312 किलोमीटरची निळी रेघ आणि तिच्या दोन्ही काठांनी पेन्सिलीचे ठिपके. रिटायर झालो की परिक्रमा करायची, हे ठरलेलं होतं.

2015 साली ते रिटायर झाले. पण आधी माझं लग्न निघालं, मग अरेरा कॉलनीतल्या घराचं काम, मग आजीचं आजारपण. 2017 मध्ये मी कंपनीतर्फे जर्मनीला, श्टुटगार्टला गेलो. आणि 2021 च्या नोव्हेंबरात एका सकाळी आईचा फोन आला की बाबांचा डावा हात उचलत नाहीये.

मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. धोका टळला होता. पुढे ते काठी घेऊन चालायला लागले, बोलणं जवळजवळ पूर्ववत झालं. पण डावा पाय ओढत राहिला, आणि रात्री तीन-चार वेळा उठावं लागायचं, तेही घाईने. खाली बसून उठणं तर बंदच. मी परत जायच्या आदल्या दिवशी पाहिलं, टेबलाच्या काचेखालचा नकाशा नव्हता. आईला विचारलं, तर म्हणाली, "त्यांनीच काढून ठेवला. कशाला रोज बघायचा, म्हणाले."

विमानात मला झोप लागली नाही. मी इंजिनिअर माणूस. अडचण दिसली की आम्हाला उपकरण सुचतं. बाबांना परिक्रमेला काय हवं? झोपायला नीट उंचीचा पलंग, आईला दोन घास गरम करायला शेगडी आणि दहा पावलांच्या आत बसायचा संडास. म्हणजे काय, तर कॅरॅव्हान! कारच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. जर्मनीत दर उन्हाळ्यात अशी हजारो घरं रस्त्यावर निघतात. ठरवलं, इथे घ्यायची, भोपाळला न्यायची आणि बाबांना परिक्रमा घडवायची.

2022 च्या फेब्रुवारीत मी एक एरिबा घेतली, 1998 ची, साडेसहा हजार युरोंना. या गाडीची एक गंमत आहे. एरिबा हे नाव एरिख बाखेम या माणसाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आलं. हा मुळात विमानांचा इंजिनिअर. युद्ध संपल्यावर त्याने एर्विन हायमर यांच्याबरोबर 1957 च्या सुमाराला बाड वाल्डझे या गावात कॅरॅव्हान बनवायला सुरुवात केली. म्हणून हिचा सांगाडा विमानासारखा पोलादी नळ्यांचा, आणि वजन कमी. साध्या कारच्या लायसन्सवर ओढता येते. छप्पर खाली केलं की उंचीही बेताची. मोठ्या कॅरॅव्हान नेहमीच्या कंटेनरच्या दारातून आत जात नाहीत, ही जाईल, हे मी टेप लावून तपासलं होतं.

माझी एक्सेल शीट चाळीस ओळींची होती. जहाजाचं भाडं, विमा, बंदराचे खर्च, मुंबईहून भोपाळला आणण्याचा खर्च. आयात शुल्काचं वर्गीकरणसुद्धा शोधलं, 8716 10, राहण्यासाठी किंवा कॅम्पिंगसाठी वापरायचे कॅरॅव्हान प्रकारचे ट्रेलर. गॅसच्या शेगडीचा दाब आपल्या घरगुती रेग्युलेटरशी जवळपास जुळतो, पण सिलिंडरचे आटे जुळत नाहीत, हेही लिहून ठेवलं. एका ओळीत लाल रंगाने लिहिलं होतं, 'दार उजवीकडे'. जर्मनीत वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून दार उजव्या बाजूला, फुटपाथकडे उघडतं. आपल्याकडे ते थेट रहदारीत उघडणार. आई उतरताना मागून ट्रक आला तर?

फोनवर मी हे बाबांना सांगितलं. खूप दिवसांनी त्यांचा आवाज जरा खुलला. म्हणाले, "अरे, परिक्रमेत मैया कायम उजव्या हाताला ठेवायची असते. उजवीकडे दार म्हणजे मैयाकडेच उघडेल की!"

आईने नंतर कळवलं, नकाशा परत काचेखाली आला आहे.

आता ऐका पुढची गोष्ट. मी मुंबईच्या एका क्लिअरिंग एजंटला फोन केला. सज्जन माणूस. माझी सगळी शीट त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला.

"साहेब, मॅन्युफॅक्चरिंग कधीचं?"

"अठ्ठ्याण्णवचं. पण कंडिशन एकदम छान आहे."

तिकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "साहेब, सेकंडहँड गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही."

मी म्हटलं, "पण ही गाडी नाहीच. हिला मोटर नाही. नुसता ट्रेलर आहे."

"साहेब, कायदा वाचा."

वाचला. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 2, उपकलम 28. 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलं आहे की यात ट्रेलरही येतो. म्हणजे मोटर नसलेली ही माझी चीज कायद्याने मोटारगाडीच होती. आणि परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती बनवल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी, आणि ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. परत येणाऱ्या माणसाला घरगुती सामानात सवलत मिळते, पण त्या सवलतीत वाहन बसत नाही. तात्पुरती आणायची सोय म्हणजे 'कार्ने'. तिच्यावर गाडी ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर परत न्यावी लागते, आणि भारतात राहायला येणाऱ्या माणसासाठी ती नाहीच.

चाळीस ओळींच्या शीटमध्ये गाडीच्या वयाची ओळ मी लिहिलीच नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्युनिअर मुलांना नेहमी सांगतो, आधी अट तपासा, मग कोड लिहा. ते मलाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्या नियमांत वाहन आल्यावर कुठे तपासायचं, त्या संस्थांची नावं होती. पुण्याची एआरएआय, अहमदनगरची व्हीआरडीई आणि तिसरी बुधनीची ट्रॅक्टर तपासणारी केंद्रीय संस्था. बुधनी! भोपाळहून दीड-दोन तासांवर, नर्मदेच्या अगदी काठी. माझी गाडी जिथे पोचायला हवी होती, तिथेच तपासायचीही सोय होती. फक्त ती चोवीस वर्षांची होती.

बाबांना सांगायला मला चार दिवस लागले. नकाशा पुन्हा काचेखालून निघेल, याची भीती होती. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग गाडी येत नसेल तर आम्ही येतो."

डॉक्टरांनी परवानगी दिली. जूनमध्ये आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले. श्टुटगार्टच्या दक्षिणेला बोडनझे नावाचा मोठा तलाव आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड, तीन देशांचे काठ त्याला लागतात. भोपाळच्या माणसाला तलावाचं काय कौतुक, असं वाटेल. पण बाबा पहिल्या संध्याकाळी मेअर्सबुर्गच्या काठावर उभे राहून म्हणाले, "आपल्या मोठ्या तलावाचा थोरला भाऊ दिसतोय. याची करू या परिक्रमा."

तलाव उजव्या हाताला ठेवून निघालो. मेअर्सबुर्ग, फ्रीडरिक्सहाफेन, लिंडाऊ, मग ऑस्ट्रियातलं ब्रेगेंत्स, मग स्वित्झर्लंडचा काठ, कॉन्स्टान्स आणि पुन्हा वर. स्वित्झर्लंडच्या हायवेचा टोल-स्टिकर ट्रेलरला वेगळा घ्यावा लागतो, म्हणून आम्ही साध्या रस्त्यांनी गेलो. नाहीतरी ट्रेलर लावल्यावर फार वेगाने जाता येत नाही. कारने एका दिवसात होणारी फेरी आम्ही नऊ दिवसांत केली. मध्ये ऱ्हाइन नदी ओलांडावी लागली, तेव्हा बाबा जरा थबकले. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते ना! मग स्वतःच म्हणाले, "चालतंय. आपण तलावाची करून राहिलो, नदीची नाही."

दार उजवीकडे होतं. त्यामुळे काठाकाठाच्या कॅम्पिंगमध्ये गाडी उभी केली की दार पाण्याकडे उघडायचं. पहाटे मी उठून पाहायचो, तर बाबा पायरीवर बसलेले, काठी बाजूला, पाण्याकडे तोंड. आई आत पोहे करत असायची. जर्मन शेजाऱ्यांना फोडणीच्या वासाने जाग येत असणार.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नऊ रात्रींत आतला छोटा संडास बाबांनी फक्त रात्री वापरला. दिवसा ते काठी घेऊन कॅम्पिंगच्या बाथरूमपर्यंत चालत जायचे, परत येताना कुणाशी तरी खुणांनी बोलत. जी गोष्ट त्यांना घरात बसवून ठेवत होती, ती म्हणजे रात्रीची घाई आणि कमी उंचीची बैठक, एवढीच. त्यासाठी समुद्रापलीकडून घर आणायची गरज नव्हती. हे मला भोपाळमध्ये असतानाच दिसायला हवं होतं, पण मी तिथे तीन आठवडे होतो आणि त्यातले अर्धे दिवस लॅपटॉपवर होतो.

2023 च्या मार्चमध्ये आम्ही कायमचे परत आलो. एरिबा एका तरुण जोडप्याला विकली. घेतली त्यापेक्षा दोनशे युरो कमी आले. किल्ली देताना माझ्या बायकोने दाराजवळचा छोटा गणपतीचा स्टिकर काढायला घेतला, तर ती मुलगी म्हणाली, राहू द्या.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही निघालो. भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर, आई-बाबा, आम्ही दोघं, मावशी आणि काका. मागच्या सीटखाली घडीचा कमोड चेअर, भोपाळच्याच दुकानातून घेतलेला, जर्मनीतल्या गाडीच्या एका टायरपेक्षा स्वस्त. ओंकारेश्वरहून दक्षिण काठाने पश्चिमेकडे निघालो. आश्रमांत उतरलो की मी आधी जाऊन सांगायचो, वडिलांना तळमजला हवा. एकदाही नाही म्हणाले नाहीत. एका ठिकाणी तर तिथल्या महाराजांनी स्वतःची खोली दिली आणि स्वतः ओसरीवर झोपले. पायी परिक्रमा करणारे भेटत. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा संकल्प करून निघालेले, पाठीवर एक झोळी. आमच्या टेम्पोकडे पाहून ते हसत नसत. "नर्मदे हर" म्हणत आणि पुढे जात.

उत्तर काठाने पूर्वेकडे येताना बुधनी लागली. त्या संस्थेचं फाटक आलं तेव्हा बाबांनी ड्रायव्हरला हाक मारली, "भैया, जरा रोकना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इथेच तपासायला आली असती ना आपली गाडी?"

"हो, बाबा."

ते बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पास झाली असती."

आपल्या मंडळात परदेशात असलेले आणि परत यायच्या तयारीत असलेले बरेच जण आहेत. कुणाच्या डोक्यात असा विचार असेल तर गाडी पसंत करण्याआधी ती कोणत्या साली बनली ते पाहा, बाकी सगळं नंतर. आता महाराष्ट्राने आणि केरळने 2021 मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाची धोरणं आणली आहेत. इथेच भाड्याने घेऊन पाहणं जास्त सोयीचं. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला नेमकं काय अडतंय, ते त्याच्याजवळ बसून एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बुधनीच्या काठावर थांबलो. समोर नर्मदापुरमचा सेठाणी घाट दिसत होता, आरतीचे दिवे लागले होते. पुलावरून गेलो असतो तर थोड्याच वेळात पोचलो असतो. पण परिक्रमेत नदी ओलांडायची नाही. त्या घाटावर पोचायला आम्हाला अमरकंटकला वळसा घालून यावं लागलं. बाबा पायऱ्यांवर वरच्या बाजूला खुर्चीत बसले, मैया उजव्या हाताला येईल अशा बेताने खुर्ची फिरवून घेतली, आणि मला म्हणाले, "आता तो नकाशा काढ काचेखालून. तुझ्या मुलाला दे."