जुना दुभाषा

सुधारणेची हौस घातक असते असें कोणी म्हटलें असतें, तर परवांपर्यंत मीं त्याच्याशीं कडाडून वाद घातला असता.

आमचा घरचा संगणक जुना. विंडोज ११ त्यास स्वीकारीना, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची देखभालही थांबली. दिवाळीच्या सुटींत चिरंजीव पुण्याहून नाशिकला आला, तेव्हां आम्ही त्यावर लिनक्स बसविलें. पण त्याचे खेळ सारे विंडोजसाठीं लिहिलेले! म्हणून ‘वाइन’ आणावी लागली. आपल्या घरांत वाइन आली, हें शब्द आईच्या कानीं पडले. द्राक्षांच्या ह्या गांवांत तिनें दुसरें काय समजावें? १९९३ पासून चालत आलेला तो एक प्रोग्रॅम आहे, हें तिला पटवितां पटवितां एक अख्खी संध्याकाळ गेली.

विंडोजच्या रीतीनें खेळ जें जें मागेल, तें तें ही वाइन लिनक्सकडून करवून घेते. चित्रांची गोष्ट मात्र निराळी. खेळ बोलणार डायरेक्ट३डीच्या भाषेंत, आणि आपण कार्डाशीं बोलणार व्हल्कनमधून. मध्यें डीएक्सव्हीके नांवाचा दुभाषा उभा राहतो. फिलिप रेबोले ह्या प्रोग्रॅमरनें तो २०१८ मध्यें लोकांपुढें ठेवला. आमच्या नाशिकच्या शिरवाडकरांनीं मॅक्बेथचा ‘राजमुकुट’ केला, तेव्हां एखाद्या शब्दापाशीं त्यांना घटकाभर थांबतां तरी आलें असेल. ह्या दुभाष्याला एका चित्रामागें सेकंदाचा साठावा भागही पुरता मिळत नाहीं.

चिरंजीवानें प्रत्येक खेळाला निराळी ‘प्रीफिक्स’, म्हणजे खोट्या विंडोजची स्वतंत्र पेटी, करून दिली होती. एकाच्या दुरुस्तीनें दुसऱ्याचें बिघडूं नये, हा हेतु. जातांना एक कागदही त्यानें टेबलावर ठेवला: ‘कार्ड जुनें आहे. १.१०.३ च राहूं द्या.’

गलबतांच्या एका खेळांत आम्ही दोघांनीं त्या सुटींत रात्री जागून एक बंदर वसविलें होतें. तो गेल्यावर करमेना, तेव्हां मीं संगणकाची साफसफाई आरंभिली. दुभाष्याची नवी आवृत्ति निघालेली दिसली. नवें तें चांगलेंच असणार! मीं जुन्या फायली काढून नव्या घातल्या. खेळाची खिडकी उघडे आणि तत्क्षणीं मिटे. २०२२ च्या २.० पासून ह्या दुभाष्याला व्हल्कन १.३ लागतें आणि आमच्या कार्डाचा ड्रायव्हर १.२ वर थांबलेला, हें मला मागाहून कळलें. त्या वेळीं मीं काय केलें, तर पेटीच बिघडली असें समजून ती समूळ पुसली आणि नवी केली. पुढें १.१०.३ घालतांच खेळ सुरळीत चालूं लागला. पण खेळाची सारी नोंद पेटींतच होती. समोर नुसता समुद्र.

दोन दिवस फोन करण्याचें धैर्य होईना. शेवटीं केला. पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं येईना.

“तो कागद वाचला नव्हता का, बाबा?”

“वाचला होता.”

“मग?”

मला उत्तर सुचेना. थोड्या वेळानें तोच म्हणाला, “बंदराला नांव तुम्हीं काय दिलें होतें, तें लिहून ठेवा. संक्रांतीला येतोंच आहें मी. आणि तोंवर कशालाही हात लावूं नका.”

मीं नांव त्याच कागदावर, त्याच्या अक्षराखालीं लिहिलें, आणि १.१०.३ ला तांबड्या शाईनें दोन रेघा ओढल्या.