गव्हाआधी ज्वारी दळा

ब्रिटनमधल्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या किराणा दुकानांत ज्वारीचं पीठ सहज मिळतं. पिशवीवर इंग्रजी अक्षरांत ‘जुवार’ लिहिलेलं असतं. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकलून दिलेल्या कितीतरी गुजराती कुटुंबांनी या शहरात बस्तान बसवलं. त्यांच्या रोटल्याच्या पिठावर आज माझ्या खान्देशातल्या शिरपूरच्या भाकरीची सोय होते, आणि मी त्याबद्दल त्यांची मनापासून ऋणी आहे.

आमच्या घरात भाकरी ही हौस नाही. लेकीला सीलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की तिच्या आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्यात शेंगदाणा, तीळ आणि अंड्याची अ‍ॅलर्जी. एक दुखणं आतून हळूहळू झिजवणारं, तर दुसरं काही मिनिटांत श्वास कोंडू शकणारं. दोन्ही एकाच ताटात सांभाळायची असतात.

सुपरमार्केटात ग्लूटेनमुक्त पदार्थांचं अख्खं कपाट असतं. पण पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचली की कळतं, गहू काढल्यावर पावाला फुगवायला अंड्याचा पांढरा भाग घातलाय, कुठे सोया, कुठे दूध पावडर. काही पावांत ल्युपिन नावाच्या कडधान्याचं पीठ असतं, आणि शेंगदाणा न चालणाऱ्या काहींना ल्युपिनही बाधतं. एक दार बंद करावं तर दुसरं उघडं. म्हणून गव्हाची नक्कल करणारा पाव शोधणं मी सोडून दिलं. जो पदार्थ मुळातच गव्हाविना उभा आहे, तिथून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

तापीकाठच्या काळ्या जमिनीतली दादर ज्वारी, बाजरी, सातपुड्यातली भगर: आमच्या भागाचं रोजचं जेवण यावरच चालत आलं. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून तिचं पीठ ताणलं जात नाही. त्यात इथलं पाकीट महिनोन् महिने जुनं. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते. त्यावर उपाय उकडीचा. उकळत्या पाण्यात मीठ घालून पीठ टाकायचं, झाकण ठेवून वाफ आणायची आणि हाताला सोसेल तेवढं गरम असतानाच मळायचं. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी जमते.

त्याहून खात्रीचं म्हणजे कळणं. किलोभर ज्वारीला पाव किलो सालासकट काळे उडीद घेऊन एकत्र दळायचे. इथले लोक ग्लूटेनमुक्त पिठाला बांधून ठेवायला झँथन गम किंवा इसबगोलाचा भुसा घालतात. उडीद तेच काम करतो, वर चव आणि प्रथिनंही देतो. कळण्यात मेथी मात्र मी टाकत नाही, कारण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींना मेथीदाणाही बाधतो. उडीदसुद्धा डॉक्टरांना विचारूनच सुरू केला. केकमध्ये अंड्याऐवजी जवस: एक चमचा जवसपूड तीन चमचे पाण्यात भिजवली की दहा मिनिटांत बुळबुळीत होते आणि पीठ धरून ठेवते. पण अंड्यासारखी फुगवत नाही, तेवढं सोड्याकडून करून घ्यावं लागतं.

खरी अडचण शेंगदाण्याची. खान्देशी स्वयंपाकातून दाण्याचा कूट काढायचा म्हणजे अर्धं घर रिकामं केल्यासारखं वाटतं. इथे एकच बदली सगळीकडे चालत नाही. रस्सा घट्ट करायचा असेल तर भाजलेलं डाळं वाटून घालते. ठेच्याला तेलकट खमंगपणा हवा, तिथे भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. भरितात दाताखाली येणारा दाणा हवा असतो, त्यासाठी भोपळ्याच्या बिया तेलात परतते किंवा सुक्या खोबऱ्याचे काप लाल करते. बियांच्या पाकिटावर तिळाचा उल्लेख नाही ना, ते आधी पाहते.

शेवभाजीची शेव बेसनाची, म्हणून ती निर्धोक, असं वाटतं. पण ती कोणत्या तेलात तळली? घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचा अंश राहतो. आणि हिंग! बाजारचा डबीतला हिंग बऱ्याचदा मैद्यात मिसळलेला असतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तोच घ्यावा, नाहीतर फोडणी लसणावर भागवावी.

मांड्याला मात्र पर्याय नाही, आणि शोधूही नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर पडणारा मांडा हातांवर कागदासारखा पातळ पसरतो तो गव्हातल्या ग्लूटेनच्या बळावरच. आम्ही आखाजीला वाटीत पुरण, त्यावर तूप, आमरस आणि तांदळाची धिरडी करतो. लेकीचा सण त्या धिरड्यांचा आहे, दुधाची तहान ताकावर भागवलेला नाही.

या देशात पाकीट वाचायची शिस्त आहे. 14 अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठळक छापावे लागतात, त्यांत तीळ आणि मोहरीसुद्धा आहेत. 2016 मध्ये नताशा एडनान-लापेरूज ही 15 वर्षांची मुलगी पावाच्या पिठातल्या तिळाने दगावली. तिळाचा उल्लेख पाकिटावर नव्हता. तिच्या आईवडिलांनी लढून कायदा बदलवला, आणि ऑक्टोबर 2021 पासून दुकानातच बनवून पाकिटात ठेवलेल्या खाण्यावरही सगळे घटक लिहावे लागतात. भारतात लेबलाच्या नियमांत शेंगदाणा आणि गहू आहेत. पण लग्नाच्या पंगतीत, गाडीवरच्या भज्यांना, चक्कीतल्या पिठाला कुठलं लेबल असणार?

उन्हाळ्यात आम्ही शिरपूरला येतो तेव्हा माया उतू जाते. “एवढुसं खाल्लं तर काय होतं?” असं प्रेमानेच विचारलं जातं. होतं, आणि ते लगेच दिसत नाही, हीच पंचाईत. ग्लूटेनमुक्त म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे गव्हानंतर दळलेली ज्वारी त्यात बसेलच असं नाही. चक्कीच्या पाळूत आधीचं गव्हाचं पीठ राहिलेलं असतं. म्हणून आत्याला मी आधीच फोन करते: ज्वारी-उडीद घरी निवडा, चक्कीवाल्या भाऊंना सांगा की सकाळी चक्की झाडून पहिलं दळण ज्वारीचं घ्या, तेही आपलं नाही. आधी दुसऱ्या कोणाची चार-पाच किलो ज्वारी जाऊ द्या, त्यानंतर आपलं कळणं. तवा वेगळा, काठवट वेगळी. जमत असेल तर घरघंटी घ्या, पैसे मी पाठवते.