पाच आकृत्या, दोन साचे

गिटारच्या गळ्यावर मेजर कॉर्डच्या सी, ए, जी, ई आणि डी अशा पाच आकृत्या सरकवता येतात, आणि शिकणाऱ्याला त्या बहुधा पाच सुटी चित्रे म्हणून पाठ करायला दिल्या जातात. या पाठांतराला माझा विरोध आहे. चित्रे पाच असली तरी त्यांच्यामागे साचे दोनच आहेत, आणि ते आधी कळले तर गळा फार लवकर ओळखीचा होतो. मुळात आकृती सरकते का, तर प्रत्येक फ्रेट उरलेल्या तारेची लांबी एकाच प्रमाणात कमी करतो. बारा फ्रेट ओलांडले की ती नेमकी निम्मी होते. साध्या हार्मोनियमवर पांढरी एक सोडून काळी एक पट्टी धरली की काळ्या-पांढऱ्यांचा सगळा क्रम बदलतो, म्हणून तर स्केल चेंजर पेटीची सोय निघाली. गिटारला ती सोय जन्मजात आहे.

आता ई आकृतीतले स्वर जाड तारेपासून वाचा: सा प सा ग प सा. ए आकृतीत पाचव्या तारेपासून सा प सा ग प, आणि डी आकृतीत चौथीपासून सा प सा ग. क्रम तोच, फक्त एकेक तार पलीकडे गेलेला. शेजारच्या दोन तारांत सा ते म इतके अंतर असते. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत मात्र सा ते ग इतकेच. त्यामुळे साचा दुसऱ्या तारेवर पोचला की तिथले बोट एक फ्रेट पुढे जाते आणि चित्र वेगळे दिसू लागते. जी आणि सी यांचेही तसेच: सा ग प सा ग, एकदा सहाव्या तारेपासून, एकदा पाचवीपासून. पहिल्या साच्यात गंधार एकाच तारेवर असतो, ईमध्ये तिसऱ्या, एमध्ये दुसऱ्या, डीमध्ये पहिल्या. तेवढा एक स्वर एक फ्रेट मागे घेतला की मेजरची मायनर होते. सा आणि ग कुठे आहेत हे ठाऊक असलेल्याला मायनरची चित्रे वेगळी घोकावी लागत नाहीत.

मग ती अडचणीची तारच का बदलू नये, असे कोणी विचारेल. गिटारवादक स्टॅन्ली जॉर्डन सगळ्या तारा मध्यमाच्या अंतराने लावतो आणि त्याच्या आकृत्या तारा बदलूनही तशाच राहतात. पण मग सहाही तारांवर सहज बसणाऱ्या ओळखीच्या ओपन कॉर्ड हातून जातात. शिकणाऱ्याला हा सौदा महाग पडतो. आकृती सरकवताना तर्जनी तारांवर आडवी दाबावी लागते; अशा बार कॉर्डने बोट दुखते, ही तक्रार खरी आहे, आणि तिला बरेचदा पहिल्याच फ्रेटवरचा एफ कारण असतो. ६५० मिमी लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट सुमारे ३६ मिमी रुंद असतो, पाचवा २९ मिमी. शिवाय गळ्याच्या टोकाशी, नटजवळ, तार दाबायला ताठ लागते. सुरुवात पाचव्या फ्रेटवरच्या ए मेजरने करावी. एफ नंतर येईलच.

सर्वांत वजनदार आक्षेप नादाचा आहे. मोकळ्या तारांचा झंकार बार कॉर्डमध्ये नसतो, आणि संथ गाण्याच्या साथीला तो हवाच. तिथे तारांवर आडवा चिमटा, म्हणजे कॅपो, लावून ओपन कॉर्ड वाजवणे मला अधिक योग्य वाटते. मात्र मोकळी तार डाव्या हाताच्या ताब्यात नसते. सगळे स्वर बोटांखाली असले की बोटे किंचित सैल करताच नाद थांबतो, आणि ताल या थांबण्यातूनही घडतो. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षे गिटारवादक फ्रेडी ग्रीनने हेच केले. त्याच्या आकृत्या दोन-तीन तारांच्या, मोकळ्या तारेवाचूनच्या. ठोक्यागणिक त्या गळ्यावर सरकत आणि प्रत्येक ठोका आखूड राही. सहाही तारा दाबण्याचा हट्ट त्याने धरला नाही, नवशिक्यानेही धरू नये.