फास्टर फेणे आणि आम्ही

ग्रंथावरून केलेला चित्रपट मूळ ग्रंथाशीं कितपत इमानी असावा, या प्रश्नावर आमच्या नव्या पेठेंतील घरांत गेल्या उन्हाळ्यांत तीन रात्री वाद चालला. घर एकत्र कुटुंबाचें, पंक्तीस बसणारीं माणसें अकरा; तेव्हां मतेंहि अकरा पडावीं हें ओघानेंच आलें. पेठेंतील कापडदुकानें बंद होऊन रस्त्यावरील गलबला ओसरला, कीं आम्ही सर्व मंडळी गच्चीवर सतरंज्या अंथरून बसत असूं. वैशाखांतील सोलापूरचा उकाडा ज्यांनीं सोसला आहे, त्यांस गच्चीचें माहात्म्य सांगावयास नको.

वादास निमित्त झाला तो 'फास्टर फेणे' हा मराठी चित्रपट. श्री. आदित्य सरपोतदार यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सन २०१७ च्या ऑक्टोबरांत प्रदर्शित झाला. त्या वेळीं तो पाहण्याचें आम्हीं कटाक्षानें टाळलें होतें. भा. रा. भागवतांच्या फेण्यास दुसऱ्या कोणी हात लावावा, हेंच आम्हांस रुचलें नव्हतें. आमच्या सोलापुरास 'भागवत' हें नांव चित्रपटगृहांमुळें घरोघर ठाऊक आहे. 'तुमचे भागवत निराळे, आमचे भागवत निराळे,' अशी कोटी करून आम्हीं तो विषय तेव्हां मिटविला होता. या उन्हाळ्यांत मात्र नातीनें तो घरच्या संचावर लावला आणि आमची खुर्ची स्वतः ओढून पुढें ठेविली. मग आमचा इलाज उरला नाहीं.

ज्या थोड्या घरांत हीं पुस्तकें गेलीं नसतील, त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा. अंगानें किडकिडीत, पायानें चपळ, सायकलीवर बसला कीं वाऱ्यासारखा. पुण्यांतील विद्याभवनाचा विद्यार्थी. नवल वाटलें कीं तोंडानें 'ट्टॉक्' असा आवाज काढावयाचा, ही त्याची खोड. भागवतांनीं त्याच्या साहसांचीं पुस्तकांमागून पुस्तकें लिहिलीं. एकांत तो प्रतापगडावर जातो, दुसऱ्यांत गुलमर्गचें गूढ उकलतो, तिसऱ्यांत चक्रीवादळांत सांपडतो. त्याच्या अंगीं कोणतीहि दैवी शक्ति नाहीं. सायकल, शीघ्रबुद्धि आणि निर्भयता एवढेंच त्याचें भांडवल.

आम्हीं शिक्षकाचा पेशा पत्करला, त्या वर्षापासून हीं पुस्तकें आमच्या पिशवींत असत. कोणी शिक्षक रजेवर असले, कीं त्यांच्या रिकाम्या तासास आमची रवानगी होई. तेथें रूपावलि घोकून घेण्याऐवजीं आम्ही फेणे वाचून दाखवीत असूं. पन्नास मुलें श्वास रोखून ऐकत. संस्कृताच्या तासास असें भाग्य आम्हांस क्वचितच लाभलें, हें कबूल करावयास हरकत नाहीं.

तेव्हां चित्रपट संपतांच आम्हीं आक्षेपांची यादी वाचून दाखविली. पहिला आक्षेप वयाचा. भागवतांचा फेणे शाळकरी पोर. येथील फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देण्यासाठीं पुण्यास आलेला तरुण, आणि ती भूमिका श्री. अमेय वाघ या पुऱ्या वाढलेल्या नटाकडे. दुसरा आक्षेप कथानकाचा. एका मुलाचा मृत्यु, ती आत्महत्या असल्याचा निर्वाळा, त्यामागें दडलेला परीक्षांचा काळा व्यवहार आणि तो चालविणारा, श्री. गिरीश कुलकर्णी यांनीं रंगविलेला क्रूर खलपुरुष. यांतील एकहि गोष्ट मूळ पुस्तकांत नाहीं. तिसरा आक्षेप असा, कीं खुद्द भागवतांसच पात्र करून पडद्यावर आणलें आहे. श्री. दिलीप प्रभावळकर यांचा अभिनय उत्तम. परंतु कर्त्यानें आपल्याच कथेंत वावरावें, हा प्रकार आम्हांस चमत्कारिक वाटला.

सूनबाईंनीं आमची बाजू उचलली. त्यांच्या लहानपणीं दूरदर्शनवर फेण्याची मालिका होती आणि सुमीत राघवन हे त्यांत फेणे झाले होते. "तो फेणे आमच्याएवढा होता," त्या म्हणाल्या, "म्हणून तो आमचा होता."

धाकटे बंधु बँकेंतून निवृत्त झालेले, हिशेबाचे पक्के. ते म्हणाले, "दादा, तुमच्या भागवतांनीं ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठींत आणल्या, तेव्हां काय केलें? फ्रेंच माणसाचा धूमकेतु मराठी मुलांपुढें 'मुक्काम शेंडेनक्षत्र' होऊन आला. 'चंद्रावर स्वारी' तुम्हींच आम्हांस वाचावयास दिलीत. तेव्हां व्हर्नच्या इमानाची चौकशी तुम्हीं केल्याचें स्मरत नाहीं." यावर आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं, म्हणून आम्हीं पाणी मागितलें.

दुसऱ्या रात्रीं नातीनें आपलें शास्त्र काढलें. तिच्या पिढीचे वीर अमेरिकेंतील चित्रकथांतून आलेले; त्यांस सुपरहिरो म्हणतात. त्यांच्या चित्रपटांवर वाचकवर्ग आपसांत अहोरात्र भांडतो, हें आम्हांस तिच्याकडूनच कळलें. 'स्पायडर-मॅन' ही चित्रकथा स्टॅन ली व स्टीव्ह डिटको या दोघांनीं सन १९६२ सालीं निर्माण केली. तींतील पीटर पार्कर हा गरीब, हुशार विद्यार्थी कोळ्यासारखें जाळें फेकण्याचें यंत्र स्वतःच्या बुद्धीनें बनवितो. सन २००२ च्या चित्रपटांत तें जाळें त्याच्या मनगटांतूनच निघूं लागलें. मुलाची बुद्धि काढून घेतली, असा जुन्या वाचकांनीं गिल्ला केला. पुढें सन २०१२ च्या चित्रपटांत यंत्र परत आलें.

"पण आजोबा," ती म्हणाली, "एक गोष्ट २००२ वाल्यांनीं बदलली नाहीं. एक चोर पीटरच्या समोरून पळून जातो. त्याला अडवणं पीटरला सहज शक्य असतं. आपल्याला काय त्याचं, म्हणून तो गप्प राहतो. तोच चोर पुढं त्याच्या काकांना मारतो. तेवढं जर काढलं असतं ना, तर मग तो स्पायडर-मॅन राहिलाच नसता."

हें ऐकून आम्हांस मोठा आनंद झाला. कारण मुलगी नकळत आनंदवर्धनाच्या जवळ येऊन बसली होती. नवव्या शतकांतील या काश्मीरी पंडितानें 'ध्वन्यालोकां'त हाच प्रश्न घेतला आहे. जुनी कथा घेऊन लिहिणाऱ्या कवीस तींत रसास विरोधी असा भाग आढळला, तर त्यानें तो टाकून अनुकूल असा नवा भाग कल्पावा, असा त्याचा अभिप्राय. केवळ हकीकत सांगणें हें कवीचें काम नव्हे, त्यासाठीं इतिहास आहेच. पुढें मुंज राजाच्या आश्रयास असलेल्या धनंजयानें 'दशरूपकां'त नाटककारास तोच नियम घालून दिला : नायकास किंवा रसास जें अनुचित, तें गाळावें अथवा बदलावें. म्हणजे बदलास आमच्या शास्त्राची आडकाठी नाहीं; मात्र तो नायकाच्या मूळ प्रकृतीस जपण्यासाठीं असावा.

याचें प्रसिद्ध उदाहरण शाकुंतल. महाभारताच्या आदिपर्वांत अंगठी नाहीं आणि दुर्वासाचा शापहि नाहीं. तेथील दुष्यंतास सर्व कांहीं स्मरत असतें. तरी भर सभेंत तो शकुंतलेस ओळखत नाहीं असें म्हणतो. आकाशवाणी झाल्यावर तो आपल्या मंत्र्यांस सांगतो, कीं केवळ हिच्या शब्दावर स्वीकार केला असता, तर लोकांनीं शंका घेतली असती. कालिदासानें शाप आणि अंगठी घालून राजाचें तें पाप विस्मृतीच्या माथीं मारिलें. व्यासांशीं तो इमानी राहिला काय? अक्षरशः नाहीं. पण त्यास हवा होता तो धीरोदात्त नायक त्यानें राखला, आणि दीड हजार वर्षें त्याबद्दल कोणीं त्यास दोष दिला नाहीं.

उलट बाजूचें उदाहरणहि नातीजवळ होतें. सन २०१३ च्या चित्रपटांत सुपरमॅन शेवटीं शत्रूची मान मोडून त्यास ठार करतो. झगा तोच, उड्डाण तेंच. परंतु कोणाचा जीव घेत नाहीं म्हणून ज्यास आपण मानलें, त्यानें जीव घेतला, यावर कित्येक वाचक हळहळले. इतरांनीं त्याचें समर्थन केलें. वाद अजून मिटलेला नाहीं, असें ती म्हणाली.

येथपर्यंत सर्वांचें जुळत आलें : वेष, काळ, प्रसंग बदलूं द्यावे; प्रकृति बदलूं नये. तेव्हां नातीनें सरळ विचारलें, "मग फेण्याची प्रकृति कोणती, आजोबा? तुम्हीच सांगा."

आम्हीं वर्गांत सांगावें तसें झटकन् सांगितलें, "डोळ्यांदेखत अन्याय झाला, तर तो गप्प बसत नाहीं." वाक्य पुरें झालें, आणि पुढें आमच्यानें बोलवेना.

वाचकहो, त्याचें कारण तिसऱ्या रात्रीं आम्हीं घरच्या मंडळींस सांगितलें, तें येथेंहि सांगतों. वीसएक वर्षांपूर्वीं शालान्त परीक्षेच्या एका केंद्रावर आम्ही पर्यवेक्षक होतों. गणिताचा पेपर होता. मागल्या दारानें एक गृहस्थ आंत आले, आणि खिडकीजवळच्या दोन मुलांच्या हातीं त्यांनीं चिठ्ठ्या दिल्या. मुलें वजनदार घरचीं होतीं. आम्ही आठ पावलांवर उभे होतों. आमच्या निवृत्तीस दहा वर्षें अवकाश होता आणि घरांत दोन लग्नें व्हावयाचीं होतीं. आम्हीं फळ्याकडे तोंड फिरविलें, आणि 'शेवटचीं ३० मिनिटें' हीं अक्षरें सुवाच्य काढूं लागलों. वळून पाहतों तों तिसऱ्या बाकावरील मुलगा लेखणी खालीं ठेवून आमच्याकडे पाहत होता. पूर्वीं तो दोन वर्षें आमच्या वर्गांत होता. बाप यंत्रमागावर कामास. रिकाम्या तासास फेणे वाचीत असतां मोठ्यानें 'ट्टॉक्' करून सर्व वर्गास हंसविणारा तोच. पेपर संपल्यावर जिन्यांत त्यानें हळूच विचारलें, "सर, तुम्ही पाहिलं ना?" आम्ही म्हणालों, "दुसऱ्याच्या बाकाकडे पाहूं नये. आपला पेपर लिहावा." तो "हो सर" म्हणाला आणि गेला.

कालिदासाच्या दुष्यंतास शापाचा आधार होता. आम्हांस तो नव्हता. आम्ही व्यासांचे दुष्यंत. सर्व स्मरत होतें, आणि तरी भर सभेंत आम्ही ओळख विसरलों. हीं सर्व वर्षें आम्ही फेण्याच्या अक्षरांस जपत होतों. सायकल, फुरसुंगी, 'ट्टॉक्', यांतील कशाससुद्धां कोणीं हात लावूं नये असें म्हणत होतों. आणि ज्या चित्रपटानें वय बदललें, गांवचा काळ बदलला, त्यानें परीक्षेच्या काळ्या व्यवहारापुढें गप्प न बसणारा मुलगा मात्र जसाच्या तसा ठेविला. चित्रपटकर्त्यांस आमची कथा ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण त्यांचा तीर बरोबर लागला.

म्हणून आमचे सारेच आक्षेप आम्हीं मागें घेतले, असें मात्र नाहीं. वयाचा आक्षेप आम्हांस अजूनहि खरा वाटतो. तरुण मनुष्य गुंडांशीं झुंजला, तर त्यांत शौर्य आहे. परंतु ज्याच्या हातीं कसलीहि सत्ता नाहीं, ज्याचें म्हणणें मोठीं माणसें ऐकूनहि घेत नाहींत, असा तेरा-चौदा वर्षांचा पोर खरें बोलतो, ही गोष्ट निराळी; आणि पन्नास मुलें श्वास रोखीत तीं त्यासाठीं. ही हानि लहान नव्हे. सूनबाई म्हणाल्या तेंच खरें : मुलांचा फेणे चित्रपटानें मोठ्यांस देऊन टाकला.

तो तिसऱ्या बाकावरील मुलगा आतां नव्या पेठेंतच एका कापडदुकानांत नोकरीस आहे. आमच्या घरापासून फार तर दीडशें पावलें. जातां येतां तो हात जोडतो, आणि आम्ही घाईनें पुढें जातों. तिसऱ्या रात्रीनंतरच्या दुपारीं आम्ही मुद्दाम त्या दुकानांत गेलों. दोन पंचे घेतले. दुकानांत गर्दी नव्हती. "त्या गणिताच्या पेपराच्या दिवशीं," आम्ही म्हणालों, "आम्हीं पाहिलें होतें." तो पंच्यांची घडी घालीत होता. घडी पुरी करून, कागदांत बांधून त्यानें ती आमच्या हातीं दिली. "असेल सर," तो म्हणाला, "मला आता आठवत नाही." मग त्यानें चहा मागविला, आणि आम्हीं तो त्याच्याबरोबर घेतला.

त्याची विस्मृति खरी, कीं आमची लाज झांकण्यासाठीं त्यानें ती पांघरली, हें आम्हांस कळलें नाहीं. तें विचारण्याचा अधिकारहि आम्हांस उरलेला नाहीं.

रात्रीं गच्चीवर नातीनें निकाल मागितला. आम्हीं चित्रपटास शंभरांपैकीं पासष्ट गुण दिले. पस्तीस वयाचे कापले. बंधूंस हे गुण कमी वाटले, सूनबाईंस जास्त. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं माळ्यावरील पेटी उतरविली, फेण्याचीं जुनीं पुस्तकें उन्हांत घातलीं, आणि संध्याकाळीं तीं नातीच्या स्वाधीन केलीं.