शिळ्या बातम्या

आईच्या फोल्डरमधली अठ्ठावन्न बातमीपत्रं मी एका रात्रीत पुसून टाकली. 2019 सालचा जुलै महिना होता. विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना पावसामुळे दुसऱ्या दिवसावर गेला होता, कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये जागा उरली नव्हती आणि मला सामना शेवटच्या चेंडूपर्यंत टेप करून हवा होता. पुसायला सगळ्यात सोपं काय, तर आईचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या लक्षात आलं. “गेल्या का सगळ्या?” एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, “शिळ्या बातम्या काय करायच्यात तुला?” ती काही न बोलता चुलीकडे गेली. तो सामना आपण 18 धावांनी हरलो. त्याचं रेकॉर्डिंग मी नंतर एकदाही लावलेलं नाही.

हे सगळं आता का लिहितोय, तर ते अठ्ठावन्न तुकडे माझ्या आईचं अंकलिपीचं पुस्तक होतं, हे मला पुढे नऊ महिन्यांनी कळलं.

मी कन्नडला एमएस-सीआयटीचा क्लास चालवतो. अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, बढतीसाठी प्रमाणपत्र लागतं म्हणून आलेले गुरुजी, पिशोर-चिंचोलीकडून एसटीनं येणारी पोरं, अशा कितीतरी जणांचा हात धरून मी माउस फिरवायला शिकवलं. पन्नाशीतल्या माणसाचा थरथरता हात कीबोर्डवर ठेवून “घाबरू नका, काही बिघडत नाही” असं मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. आणि संध्याकाळी ज्या घरी जेवायला जातो तिथे आईला सहीपुरतीच अक्षरं येत होती. तीही नव्वदच्या दशकातल्या साक्षरता वर्गात गिरवलेली. दुसरीतून तिची शाळा सुटली. 1972 च्या दुष्काळात ती पोरवयात खडी फोडायला गेली. एसटीची पाटी तिनं कधी वाचली नाही, कंडक्टरला विचारून ती चढायची. मला यात कधी काही खटकलंच नाही. आई म्हणजे अशीच, इतकं ते सवयीचं झालं होतं.

कॉम्प्युटरवर टीव्ही टेप करायचा नाद मला जुना. केबल साधी होती तेव्हा काम सोपं होतं. टीव्ही ट्यूनर कार्ड घ्यायचं, कॅबिनेट उघडून मदरबोर्डच्या खाचेत बसवायचं, केबलवाल्याची काळी वायर थेट कार्डात खोचायची, झालं. जी वाहिनी हवी ती धरायची. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर सचिननं निरोपाचं भाषण केलं, ते मी त्याच कार्डावर टेप केलंय. पहिल्या पहिल्यांदा मोठा सामना दोन तास व्हायच्या आतच तुटायचा. चार जीबीपेक्षा मोठी फाइल डिस्कच्या जुन्या एफएटी-32 मांडणीत मावतच नाही, हे कळायला मला दोन सामने गमवावे लागले.

मग केबल डिजिटल झाली. औरंगाबाद शहरात ती दुसऱ्या टप्प्यातच, 2013 मध्ये आली होती. आमच्यासारख्या नगरपालिकांच्या गावांचा नंबर तिसऱ्या टप्प्यात होता. त्याची मुदत 31 डिसेंबर 2015 ची, पण कोर्टकचेऱ्यांत लांबत लांबत ती जानेवारी 2017 अखेरपर्यंत गेली. आमच्या गल्लीत खोके बसले आणि माझ्या कार्डावर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या. वायरीतून वाहिन्या येत होत्या, पण कुलूप लावून. किल्ली सेट टॉप बॉक्समध्ये. अमेरिकेत ग्राहकाला केबलकार्ड मिळायचं, ते कॉम्प्युटरच्या ट्यूनरमध्ये घातलं की कुलूप तिथेच उघडायचं. आपल्याकडे घरच्या ग्राहकाच्या हाती तसं काही आलं नाही. मी मागच्या दारानं गेलो. खोक्याच्या पाठीमागे टीव्हीच्या वायरीशिवाय पिवळी-पांढरी-लाल अशी तीन भोकं असतात. त्या तीन वायरी यूएसबीच्या छोट्या कॅप्चर काडीत घातल्या आणि काडी कॉम्प्युटरला लावली. वेळ लावून ठेवली की रेकॉर्डिंग आपोआप सुरू. तासाला सव्वादोन जीबी जायचे. यात एक मोठी गोम होती. खोक्यावर जी वाहिनी लागलेली असेल तीच कॉम्प्युटरला मिळायची. घरात खोका एकच, म्हणजे टेप एकाचंच होणार.

आणि ते माझं होणार, असं मी गृहीत धरलं होतं. असं टेप करणं योग्य की अयोग्य याचा मी अभ्याससुद्धा केला होता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1984 मध्ये सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात निकाल दिला, की नंतर बघण्यासाठी घरच्या घरी टेप करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. पाच विरुद्ध चार, एका मतानं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही खाजगी वापराला सूट आहे. या सगळ्याचा गाभा मला फार पटायचा: बघणाऱ्याचा वेळ त्याचा स्वतःचा असतो, वाहिनीच्या घड्याळाला त्यानं बांधून घेऊ नये. क्लासमध्ये मी हे रंगवून सांगायचो. आईलाही वेळ असतो, तिची संध्याकाळची सातची वेळ भाकरीच्या तव्यानं बांधलेली असते, हे त्या रंगवण्यात एकदाही आलं नाही.

तिनं तोंड उघडून मागितलं ते 2018 च्या पावसाळ्यात. “सातच्या बातम्या मला टेप करून ठीव बरं, म्या दुपारी पाह्यन.” माझ्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, रिकामपणाचा चाळा. बातम्या त्या, दुसऱ्या दिवशी कोण बघतं? पण माझ्या मुलीनं आग्रह धरला, तेव्हा आठ वर्षांची होती, म्हणून आईच्या नावाचा फोल्डर केला आणि सामना नसेल त्या दिवशी अर्धा तास टेप व्हायला लागला. फोल्डर उघडायचा कसा हे मुलीनंच आजीला शिकवलं. मी शिकवलं नाही. सगळ्या तालुक्याला मी शिकवतो.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि क्लास बंद पडला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी दुपारचा घरी होतो. एप्रिलमधला एक दिवस. जेवून बाहेरच्या खोलीत पडलो होतो. आतून आवाज यायचा, बातम्या देणाऱ्या बाईचा, मग एकदम शांतता, मग पुन्हा तीच बाई, तेच वाक्य. पुन्हा शांतता. मला वाटलं फाइल अडकतेय. उठून दारात गेलो.

आई धान्याच्या कोठीशेजारच्या टेबलाशी स्टुलावर बसली होती. माझी खुर्ची तिनं घेतली नव्हती, ती भिंतीला सरकवून ठेवली होती. कीबोर्डवर, लांब पट्टीच्या त्या कळीवर, एक लाल टिकली चिकटवलेली. कुठली कळ दाबली की चित्र थांबतं ते ओळखायला. चित्र थांबलेलं होतं. पडद्याच्या खाली जी पळती पट्टी असते, तिथे तिचं बोट टेकलेलं होतं. ओठ हलत होते. “जा... ल... ना.” टिकली दाबली. बाई बोलली, पट्टी पळाली, पुन्हा टिकली. “बी... ड.” मग बराच वेळ काही नाही. मी पाहिलं, पुढचा शब्द औरंगाबाद होता. ती पहिल्याच अक्षरावर अडली होती. डोकं पडद्याजवळ नेलं, मागे घेतलं, पदरानं डोळे पुसले, पुन्हा जवळ नेलं.

मी किती वेळ दारात उभा होतो ते सांगता येणार नाही. आत जावं की नको ते कळेना. पहिला विचार मनात आला तो सांगतो, लपवून काय करू: तिनं कॉम्प्युटर बिघडवला तर नाही ना. दुसरा विचार आला तो अठ्ठावन्नचा आकडा. पुसताना डिस्कनं मला तो दाखवला होता, इतक्या फायली पुसू का म्हणून विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं.

ती वळली. पकडल्यासारखी उठायला लागली. स्वतःच्या घरात माझी आई अक्षर वाचताना सापडली म्हणून ओशाळली, आणि तिनं ओशाळावं असं मीच इतकी वर्षं वागत आलो होतो. मी तिला बस म्हटलं. काय बोलावं सुचेना म्हणून विचारलं, “जुन्या बातम्या कशाला घेतेस? आजची लाव ना.” ती म्हणाली, “आजची काय बोलंल ते ठाव नसतं. जुनी ऐकलेली असती. ती काय म्हनती ते ध्यानात ऱ्हातं, मंग खाली अक्षर कोनतं ते जुळवते.”

शिळ्या बातम्या काय करायच्या, याचं उत्तर मला मिळालं होतं.

मग ती म्हणाली, “पर माझे डोळे गेले रे बाबा. थांबवलं की अक्षरं उंदरानं कुरतडल्यागत दिसत्यात.” मी पडद्याकडे नीट पाहिलं आणि मला घाम फुटला. तिच्या डोळ्यांचा दोष नव्हताच. टीव्हीचं चित्र 576 आडव्या ओळींचं, सेकंदाला अशी 25 चित्रं. पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. चित्रातली वस्तू जागच्या जागी असेल तर काही जाणवत नाही. पट्टी मात्र पळत असते. दोन हप्त्यांच्या मधल्या क्षणात अक्षर पुढे सरकलेलं असतं, म्हणून थांबवलं की त्याच्या कडेला फणीसारखे दात येतात. याला डीइंटरलेस नावाचा साधा उपाय आहे, प्लेअरच्या मेनूत एक खूण करायची. ती मला ठाऊक होती. चेंडू स्वच्छ दिसावा म्हणून माझ्या प्लेअरमध्ये ती मी केव्हाच करून ठेवली होती. आई वापरायची त्या प्लेअरमध्ये केली नव्हती. जवळजवळ दोन वर्षं ती फाटक्या अक्षरांवर बोट ठेवून शिकत होती आणि दोष आपल्या डोळ्यांना देत होती. ती खूण करायला मला दहा सेकंद लागले.

पट्टी सरळ झाली. ‘औ’ लख्ख दिसला. तिनं पडद्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “हा तर आवळ्याच्या झाडासारखा हाय, फांद्या फुटलेला.”

नंतर मी वाचलं, की अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी हेच काम देशभर करायला निघाले होते. 1996 मध्ये अमेरिकेत शिकत असताना स्पॅनिश सिनेमा इंग्रजी पाट्यांसह बघताना त्यांच्या मनात आलं, पाट्याही स्पॅनिशच असत्या तर भाषा लवकर आली असती. त्यातून 1999 मध्ये गुजराती दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’मध्ये गाण्याखाली गुजरातीतच ओळी दिसू लागल्या, पुढे हिंदी ‘रंगोली’तही. गाणं पाठ असतं, कान पुढचा शब्द आधीच सांगतो, डोळा फक्त तो ओळखतो. आईनं हे कुठे वाचलेलं असणं शक्यच नव्हतं. तिनं आपलं आपण, भाकऱ्या झाल्यावर, टिकली लावून शोधून काढलं होतं. तिला फक्त थांबणारी पट्टी हवी होती, आणि ती देणारं यंत्र घरात माझ्या क्रिकेटसाठी राखून ठेवलेलं होतं.

त्या दुपारनंतर मी आणखी एक खोका घेतला, नवी डिस्क घेतली. तिचा टीव्ही चालू असला की आपोआप टेप होत राहील अशी व्यवस्था केली. मी तिला शिकवायलाही बसलो, पण ते जमलं नाही. मी घाई करतो. क्लासमधल्या परक्या माणसाशी असलेला धीर आईजवळ कुठे जातो, मला अजून कळलेलं नाही. ती म्हणाली, “तू नको, पोरगी बरी.” तिचं खरं होतं.

31 ऑगस्ट 2021 ला पहाटेपर्यंत पाऊस कोसळत होता. धाकटा भाऊ रात्री अद्रकाच्या गोण्या घेऊन घाट उतरून चाळीसगावकडे गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी ओट्यावर उभा राहून नंबर फिरवत होतो. टीव्हीवर बाई दुसऱ्याच जिल्ह्याचं काही सांगत होती. आतून आईनं हाक मारली. जाऊन पाहतो तो ती कॉम्प्युटरपाशी, चित्र मागे नेऊन थांबवलेलं, बोट पट्टीवर. “हे बघ. क... न... याला दुसरा न चिकटलाय... ड. कन्नड हाय न्हवं हे?” मी हो म्हटलं. “पुढं घाटात. त्याच्या पुढं द, र, ड. दरड.” मग तिचं बोट थांबलं. पुढचा शब्द लांब होता. तो मी वाचणार तेवढ्यात तिनं हातानं मला गप्प केलं आणि पहिल्या अक्षरापासून लावायला सुरुवात केली.

भावाचा फोन साडेनऊला आला. रात्रीच तो खाली पोचला होता. आई तेव्हाही स्टुलावरच होती, ‘कोसळली’मधल्या ‘ळ’ आणि ‘ली’पाशी अडलेली.