रंगवलेल्या सैनिकाची किंमत

वस्तूवर श्रम खर्ची पडले की तिचे मूल्य वाढते, हे अर्थशास्त्रात आपण वाचतो आणि साहित्यचर्चेतही बहुधा गृहीत धरतो. वॉरहॅमर या खेळातील इंच-सव्वा इंचाच्या सैनिकांच्या जुन्या बाजारात मात्र हा नियम उलटा चालतो. न उघडलेल्या खोक्यातील सैनिकांना दुकानातल्या भावाच्या जवळपास जाणारी किंमत मिळते. कुणी रात्री जागवून रंगवलेले असतील, तर पुष्कळदा निम्मीही नाही.

माझ्या एका दिवंगत मित्राने नॉटिंगहॅममधील वास्तव्यात अशी फौज जमवली होती. हे सैनिक घडवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचे मुख्यालय त्याच शहरात आहे. फौज विकून देण्याचे काम वहिनींनी माझ्यावर सोपवले. "भाऊजी, फार पैसे नकोत, पण भंगाराच्या भावाने जाऊ नये," एवढेच त्या म्हणाल्या. 'रास्त किंमत' या शब्दप्रयोगाची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

प्रथम आधार शोधला तो ईबेवरील आकड्यांचा. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती म्हणजे निव्वळ आशावादी वाङ्मय. पाहायचे ते पुऱ्या झालेल्या व्यवहारांचे आकडे. त्यातही एक पेच होता. मित्राकडे ब्रेटोनियाचे घोडेस्वार बरेच होते. कंपनीने २०१५ साली तो जुना खेळ बंद केला आणि हे घोडेस्वार दुर्मीळ झाले. २०२४ साली 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने तो खेळ परतला, जुन्या साच्यांतून ते पुन्हा निघू लागले. अशा वेळी जाहिरातीत 'दुर्मीळ' हा शब्द ठेवणे म्हणजे नवख्या गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर व्याज घेणे. तो मी काढला. तुटलेले भाले आणि हरवलेल्या ढाली मात्र एकेक करून लिहिल्या.

खरी अडचण रंगाची होती. मित्राचा हात चांगला होता. घोड्यांच्या झुलींवरील बारीक नक्षी भिंगाखाली पाहावी अशी. पण घेणाऱ्याला सैनिक हवा असतो तो स्वतः रंगवण्यासाठी. दुसऱ्याचा रंग त्याला अडथळा वाटतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात समासातील टिपणांचे हेच होते : टिपणकार प्रसिद्ध असेल तर किंमत चढते, एरवी प्रत 'खराब' ठरते. मार्क्सनेही मूल्य मोजताना समाजाला आवश्यक तेवढेच श्रम धरले होते. मित्राच्या रात्री त्या हिशेबात बसत नाहीत. त्या बसाव्यात असा आग्रह धरणे मला गिऱ्हाइकावर अन्याय करणारे वाटले, आणि शून्य धरणे वहिनींवर. शेवटी नव्या खोक्याच्या भावाचा साधारण निम्मा दर धरला. ज्या घोडेस्वारांवर ती नक्षी होती, तेवढे वेगळे काढून पूर्ण भावाने ठेवले. ते अद्याप विकले गेलेले नाहीत.

बाकीचे एका विद्यार्थ्याने नेले. रंग कसा उतरवावा, असे त्याने फार अदबीने विचारले. धातूचे असतील ते ॲसिटोनमध्ये चालतील, प्लॅस्टिकचे त्यात विरघळतील, त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल वापर आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने हळू घास, असे मी त्याला सांगितले. वहिनी तेव्हा शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी त्याला एक जुना ब्रश आणून दिला.